सदतीस चौरस इंच पत्रा

शनिवार, ता. १२ मे १९५१. सकाळी सात वाजून वीस मिनिटे. खिशातली घडीची मोजपट्टी काढून मी मोजले. उघडा पडलेला पत्रा सदतीस चौरस इंच होता.

मोटार आमच्या डोंबिवलीच्या घरापुढे, आदल्या दिवशीच्या लग्नाच्या मांडवाखाली उभी होती. एकोणचाळीस सालची काळी, चार दारांची अमेरिकन गाडी. तिच्या डॅशबोर्डावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्रोडाच्या लाकडाच्या तांबूस तपकिरी रेषा होत्या. डाव्या हाताला सामान ठेवायचा खण होता. त्या खणाच्या झाकणावर आदल्या संध्याकाळपर्यंत अक्रोड होते, आणि आता करडा पत्रा चमकत होता. पुढच्या सीटवर माझी थोरली बहीण सखुबाई, म्हणजे आमची अक्का, एका हातात नारळाचा काथ्या आणि दुसऱ्या हातात राखेची वाटी घेऊन बसली होती.

"डाग निघाले," ती म्हणाली, "पण खालून हे काय आलं रे, गोपीनाथ?"

डाग कसले, ते सांगायला हवे. अक्काची नात जया हिचे लग्न शुक्रवारी आमच्या दारात झाले. वरात स्टेशनापासून घरापर्यंत आणि परत स्टेशनापर्यंत या गाडीतून निघाली. पुढच्या सीटवर करवली बसली होती. तिच्या हाताची हळद, विड्याचा चुना आणि कसलेसे तेल त्या झाकणाला लागले. मागून आणलेली वस्तू आणली त्याहून स्वच्छ करून परत द्यायची, असा अक्काचा आयुष्यभराचा नेम. शेजारचे पातेले असो की मोटार. ती पहाटे उठली आणि गेली पन्नास वर्षे जेवणाचे पाट जसे घासत आली होती, तसेच तिने ते झाकण घासले. लाकडाला राख आणि काथ्या चालतो. तिचे काही चुकले नव्हते. चुकले एवढेच, की ते लाकूड नव्हते.

मला हे ठाऊक होते. मी मुंबईच्या टेक्निकल कॉलेजातून १९०८ साली बाहेर पडलो आणि पुढे एकतीस वर्षे रेल्वेचे डबे बांधण्याच्या कारखान्यात रंगखात्यात काढली. लाकडाऐवजी पत्रा वापरायला सुरुवात झाली, तेव्हा पत्र्यावर लाकूड काढणे हे आमचे कामच झाले. गाडी दारात आली त्या क्षणी, झाकणाच्या कडेला रेषा कशा संपतात ते पाहून मी ओळखले होते की हा पत्रा आहे आणि त्यावर लाकूड छापले आहे. पण मी ते कोणाला बोललो नाही. बोलण्याचे कारण पडले नव्हते.

इतक्यात तानाजी पाण्याची बादली घेऊन आला. तानाजी या गाडीचा ड्रायव्हर, खटावकडचा, सव्वीस वर्षांचा. त्याने आत डोकावले, बादली खाली ठेवली आणि चाकाला टेकून मटकन बसला.

"मेलो मी, आबा."

"उठ," मी म्हणालो. "आधी सांग, शेठ कधी येणार?"

"मंगळवारी. पण आल्याबरोबर त्यांचा पानाचा डबा त्या खणातच जातो. येणाऱ्याजाणाऱ्याला बोटानं वाजवून दाखवतात ते झाकण. म्हणतात, बघा, साहेबाच्या देशाचं अक्रोड!"

"वाजवल्यावर पत्र्याचा आवाज येत नाही?"

"शेठच्या समोर कोणाला ऐकू येतोय?"

शेठ म्हणजे कल्याणचे धाकूशेठ. वडिलांबरोबर मिठागरात मीठ ओढून मोठे झालेले, पुढे खाडीकाठच्या जमिनींवर सधन झालेले गृहस्थ. ही गाडी त्यांनी सत्तेचाळीस साली मायदेशी निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून घेतली होती. ते सपत्नीक त्र्यंबकेश्वराला तीन दिवसांच्या विधीसाठी गेले होते, आणि त्यांच्या पश्चात गाडी आमच्याकडे लग्नाला आली होती. त्यांना न विचारता.

या ठिकाणी मला माझा वाटा सांगितला पाहिजे. गाडी मी मागितली नाही. परंतु मुलाकडच्या मंडळींनी "वरात काय पायी काढणार?" असे विचारल्याचे मी तानाजीजवळ दोनदा बोललो होतो, आणि दुसऱ्या वेळी "एखादी गाडी असती तर" हे शब्दही उच्चारले होते. तानाजी आमच्या घरी जेवलेला माणूस. त्याने घरच्या मोलकरणीला, बायजाला, सांगितले की स्प्रिंगच्या कामाला गाडी ठाण्याला नेतो, आणि ती डोंबिवलीला आणली. आधीच्या ड्रायव्हरने न विचारता आपल्या भावाला गाडीतून स्टेशनवर सोडले होते. शेठनी त्याच संध्याकाळी त्याच्याकडून चावी काढून घेतली होती. तानाजी शेठच्या घरामागच्या खोलीत राहत असे. नोकरी गेली की खोलीही जाणार, आणि त्याची बायको गंगुबाई हिला आठवा महिना चालू होता.

"शेठना आपण खरं सांगू," मी म्हणालो.

"आबा, पाया पडतो. मंगळवारपर्यंत तरी गप्प राहा. तुम्हांला येतं ना हे काम? अक्का म्हणतात, तुम्ही आगगाड्या रंगवल्यात."

मी विचार केला आणि एक अट घातली. विचारले तर मी खोटे बोलणार नाही. न विचारले तर आपणहून सांगणार नाही. ही अट त्या वेळी मला न्याय्य वाटली. आज ती तेवढी स्वच्छ वाटत नाही.

मी कागदावर वेळेचा हिशेब मांडला. शनिवारी झाकण काढून घासणे, तांबडे अस्तर, दुपारी बदामी रंगाचा तळ. तो रात्रभर वाळेल. रविवारी अक्रोडाच्या रेषा, त्यावर लाखेच्या पॉलिशचा पातळ हात. सोमवारी सकाळी साडेसहाला व्हार्निश. ते पुरते वाळायला चोवीस तास. मंगळवारी सकाळी साडेसहाला झाकण बसवता येईल. शेठ दुपारी चारला. साडेनऊ तास शिल्लक. कागदावर सगळे जमत होते. माझा उजवा हात मात्र कागदावर नव्हता. दोन वर्षांपासून त्याला कंप होता, आणि रेषा काढल्याला बारा वर्षे झाली होती.

चार स्क्रू काढून झाकण वेगळे केले. उरलेले थोडे अक्रोड पुसून टाकण्यापूर्वी मी एक काम केले. झाकणाच्या दोन्ही बाजूंना डॅशबोर्डावर कागदाची पट्टी चिकटवून रेषांच्या खुणा घेतल्या. डावीकडून सात काळ्या रेषा झाकणात शिरत होत्या, उजवीकडे पाच बाहेर पडत होत्या. म्हणजे दोन रेषा झाकणातच कुठेतरी मिटत होत्या. कुठे, ते अक्काच्या काथ्याने नेले होते.

"तुला आठवतं का, अक्का, मधोमध काय होतं?"

"डोळा होता. गाठीसारखा."

"किती मोठा?"

"मला वाटलं तेलाचा डाग आहे. त्यालाच जास्त घासलं."

रविवारी सकाळी आठला तळाचा रंग बोटाला लागेनासा झाला. आता रेषांचा रंग कालवायचा होता. अंबर नावाची तपकिरी माती आणि चिमूटभर काजळी, पाण्यात. पाण्याचा रंग घ्यायचा, कारण पसंत पडला नाही तर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काढता येतो. तो पत्र्याला धरावा म्हणून त्यात काही मिसळावे लागते.

"कॉलेजात आम्ही शिळी बिअर घालत असू," मी म्हणालो.

तानाजी माझ्याकडे बघतच राहिला. दारूबंदी लागून तेव्हा वर्ष झाले होते. "वा! म्हणजे नोकरी शेठ घेणार आणि उरलेल्या मला पोलीस नेणार. आबा, दुसरं काही चालत नाही का?"

"शिरका चालतो. आणि थोडी साखर."

"मग आधी शिरका सांगायचा की!"

शिरका औषधांच्या दुकानात मिळाला. रॉकेलच्या जुन्या डब्याचे पत्रे कापून त्यावर मी आधी सराव केला. पहिल्या पत्र्यावर रेषेला पायऱ्या पडल्या. दुसऱ्यावरही. मनगटाखाली उशी घेतली, श्वास रोखला, डाव्या हाताने उजवा धरला. अकराव्या पत्र्यापर्यंत मी मोजत होतो. अकराव्या पत्र्यावर जे उमटले ते लाकूड नव्हते, कुणीतरी बोटांनी फरफटत नेल्याची खूण होती. वाजले होते साडेदहा. तानाजी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता आणि दर पत्र्यानंतर "हा बरा आहे, आबा" असे म्हणत होता. शेवटी अक्का त्याच्यावर ओरडली, "बरा आहे, बरा आहे काय करतोस? आंधळा आहेस का? जा, पाणी आण."

मी हात मांडीवर ठेवून बसलो. मला त्या वेळी तानाजीची नव्हे, स्वतःची भीती वाटत होती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. एकतीस वर्षे ज्या हाताने पोट भरले, तो हात आता साथ द्यायला तयार नव्हता.

कॉलेजच्या कार्यशाळेत लोखंड तासण्याचे एक मोठे यंत्र होते. त्यात हत्यार जागचे हलत नसे. खाली काम पुढेमागे सरकत असे. आमचे शिक्षक सांगत, हत्यार हलायला लागले की काम बिघडते. मी चाळीस वर्षांनी त्या वाक्याचा अर्थ लावला. दोन पाट पालथे घातले, त्यांवर एक पट्टी आडवी ठेवली, आणि रेषा काढायचा रुंद ब्रश तिला सुतळीने आवळून बांधला. आता ब्रश हलणार नव्हता. झाकण त्याच्याखालून ओढायचे होते.

"अक्का, इकडे बस. शेवया करताना हात चालवतेस, तसंच हे ओढायचं. थांबायचं नाही."

"मी? आधीच एकदा हात लावून बसले आहे ना!"

"म्हणूनच. तुझा हात थरथरत नाही."

ती बसली. पहिला पत्रा तिने भराभर ओढला, दुसरा हळू. तिसऱ्याला मी सांगू लागलो, "आता किंचित माझ्याकडे... आता सरळ... आता तुझ्याकडे." ब्रशाखालून बाहेर आलेल्या पत्र्यावर बारीक, एकसलग रेषा होत्या, वळणावर दाट होणाऱ्या, पुढे विरळ होणाऱ्या.  तानाजीने या वेळी फक्त तोंडावरून हात फिरवला.

झाकणावर प्रत्यक्ष काम पाच वेळा केले आणि चार वेळा पुसले. डावीकडच्या सात रेषा जुळल्या की उजवीकडे सहा निघत. पाचव्या खेपेला पाच निघाल्या. मधला डोळा मी ओल्या चामड्याच्या तुकड्याने, बोट टेकवून आणि वळवून काढला. तिथे कंप चालून गेला. दुपारी लाखेच्या पॉलिशचा हात दिला, संध्याकाळी दुसरा. झाकण डॅशबोर्डापाशी धरून पाहिले. नवे काम जुन्यापेक्षा उजळ दिसत होते, म्हणून व्हार्निशमध्ये तेलात खललेल्या अंबरचे चार थेंब घालायचे ठरवले.

सोमवारी सकाळी साडेसहाला व्हार्निश केले. खोलीची दारे लावून घेतली, जमिनीवर पाणी शिंपडले. सात वाजता तानाजी रोजच्यासारखा तोंड दाखवायला लोकलने कल्याणला गेला. सव्वानऊला तो परत आला. धावत आला होता. हातात तार होती.

"बायजानं दिली. नाशिकला मुक्काम करणार होते, तो रद्द. आज येतात. चार दहाची गाडी."

मी घड्याळ पाहिले. चार दहाला व्हार्निशला नऊ तास चाळीस मिनिटे झालेली असतील. या अवस्थेत ते वरून कोरडे दिसते आणि आतून चिकट असते. बोट टेकले की ठसा उठतो, आणि तो पुसला की खालच्या रेषाही निघतात.

"शेगडीवर धरू?" तानाजीने विचारले.

"फोड येतील."

"उन्हात ठेवू?"

"सुरकुत्या पडतील."

"झाकण बसवूच नका. म्हणतो, दुरुस्तीला दिलंय."

"ठाण्याला स्प्रिंग, आणि झाकण आणखी कुठे? किती गोष्टी लक्षात ठेवशील?"

 मग आम्ही ठरवले ते असे. झाकण मी स्वतः घेऊन जायचे आणि स्टेशनाबाहेर, केवळ कडांना धरून, बसवायचे. शेठचे सामान तानाजीने पुढच्या सीटवर ठेवायचे, म्हणजे शेठना पत्नीबरोबर मागे बसावे लागेल. घर चार मिनिटांवर. घरी पोहोचले की गाडी शेडमध्ये आणि दार बंद. सकाळपर्यंत कोणी खण उघडला नाही, की झाले.

डोंबिवलीहून कल्याणला जायचा रस्ता तेव्हा कच्चा होता. मे महिन्यात त्यावर घोटाभर धूळ असे. ओल्या व्हार्निशला धुळीचे भय हात लागण्याइतकेच. लग्नाच्या लाडवांचा मोठा पत्र्याचा डबा अक्काने धुऊन पुसून दिला. त्याच्या तळाशी फळी घालून चार खिळे मारले आणि खिळ्यांच्या टोकांवर झाकण ठेवले. अडीच वाजता निघालो. काचा वर, आत भट्टी. मी डबा मांडीवर धरून बसलो होतो, आणि प्रत्येक खड्ड्याला झाकण खिळ्यांवर किती सरकले असेल याचा अंदाज करीत होतो.

"हळू," मी म्हणे.

"हळू गेलो तर बैलगाडीची धूळ खावी लागते, आबा."

"मग तिच्या पुढे जा."

"पुढे जायचं तर जोरात जायला पाहिजे."

"मग जोरात जा, पण हळू."

तानाजीला हसू आले. तीन दिवसांत पहिल्यांदाच. ते लगेच गेलेही.

तीन पन्नासला स्टेशनाबाहेर, टांग्यांपासून दूर, लिंबाखाली गाडी उभी केली. डबा उघडला. धुळीचे चौदा कण बसले होते. झाकण शाबूत होते. तानाजीने स्क्रू फिरवले, मी कडा धरल्या. चौथा स्क्रू बसला तेव्हा गाडीची शिटी ऐकू आली. सात रेषा आत शिरत होत्या, पाच बाहेर पडत होत्या. कुठे जोड दिसत नव्हता. मी उतरून लिंबाला टेकून उभा राहिलो, अनोळखी माणसासारखा. माझे काम संपले होते. इथून मी निघून गेलो असतो, तरी चालले असते.

धाकूशेठ बाहेर आले. साठीचे, रुंद खांद्यांचे, धोतर, कोट आणि काळी टोपी, काखेत चांदीचा पानाचा डबा. मागे त्यांच्या पत्नी गोदाबाई, आणि हमालाच्या डोक्यावर दोन ट्रंका. तानाजीने पुढे होऊन नमस्कार केला आणि हमालाला पुढचे दार उघडून दिले.

"तितं नाय," शेठ म्हणाले. "ट्रंका मागं टाक. मी पुढं बसनार. तीन दिवस मांडी घालून पाठ मोडली."

"शेठ, मागे ऐसपैस होईल."

"मागं बायको हाय, ट्रंका हायत, त्र्यंबकचं पानी हाय. ऐसपैस कुटं?"

तानाजीने माझ्याकडे पाहिले नाही. तो ट्रंका मागे ठेवू लागला. शेठ पुढे बसले, टोपी काढून घाम पुसला, आणि काखेतला डबा हातात घेतला. त्यांचा उजवा अंगठा झाकणाच्या दिशेने गेला. तो कडेकडे जात नव्हता. तो सरळ मधल्या डोळ्यावर येत होता.

"हात लावू नका! ओलं आहे!"

हा आवाज माझा होता. मी कारखान्यात एकतीस वर्षे हे वाक्य रोज ओरडत आलो होतो, आणि ते तोंडातून गेल्यावरच मला कळले की मी काय केले. कोणी मला काही विचारले नव्हते.

अंगठा दोन बोटे अंतरावर थांबला. शेठनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"काय ओलं हाय?"

"व्हार्निश."

"माज्या गाडीला व्हार्निश कोनी लावलं?"

"मी."

"तुमी कोन?"

मी नाव सांगितले, राहण्याचे ठिकाण सांगितले. मग तानाजीकडे न पाहता, क्रमाने सगळे सांगितले. माझ्या घरचे लग्न. माझे ते दोनदा बोललेले वाक्य. वरात, हळद, चुना, अक्का, राख. तानाजी मागच्या दारापाशी ट्रंकेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली येत होता आणि तो पुसत नव्हता.

शेठनी मध्येच हात वर केला. "थांबा. अक्रोडाचं लाकूड राखेनं घासलं तर उजळतं. आमच्या घरी पाट असंच घासतात. ते जाईल कसं?"

चार टांगेवाले आता जवळ आले होते. मला उत्तर ठाऊक होते, आणि हेही ठाऊक होते की ते उत्तर ऐकून हा माणूस तानाजीला इथेच, या चौघांसमोर, काढून टाकू शकतो. मी दारात वाकलो आणि फक्त त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "शेठ, ते लाकूड नाही. पत्रा आहे. कारखान्यातून पत्राच आला होता. त्यावर लाकूड छापलेलं होतं."

 शेठनी झाकणापासून लांब, स्टिअरिंगच्या पलीकडे, डॅशबोर्डावर वाकवलेल्या बोटाने दोनदा वाजवले. कान दिला. पुन्हा एकदा वाजवले. टांगेवाल्यांकडे एक नजर टाकली.

"चार वर्सं," ते हळूच म्हणाले. "चार वर्सं मी लोकांना दावतो."

"लगीन कोनाचं व्हतं?" मागून गोदाबाईंनी एकदम विचारले.

"माझ्या बहिणीच्या नातीचं," मी म्हणालो.

"आनि आमची गाडी वरातीला गेली?"

"हो."

"मंग आमाला अक्षत नाय? गाडीला आवतन, आनि गाडीच्या मालकाला नाय?"

 लग्नाची अक्षत आम्ही साठ घरांना दिली होती, दिवा गावातल्या लांबच्या नातेवाइकांनाही. ज्याच्या गाडीतून नवरी गेली, त्याचे घर त्या यादीत नव्हते, कारण त्याला कळायचेच नव्हते. मी मान खाली घातली.

"चुकलं," मी म्हणालो. "माझं चुकलं. तानाजीचं त्यात कमी, माझं जास्त."

"किती कमी, किती जास्त, ते मी ठरवतो," शेठ म्हणाले. "किती वेळ लागल वाळाया?"

"उद्या सकाळी साडेसहापर्यंत."

"खडा धरायच्या आदी पिकत्या मिठात पाय घातला म्हनून बापानं मला एकदा हानला व्हता," ते झाकणाकडे बघत म्हणाले, आणि पानाचा डबा परत काखेत घेतला. मग खाली उतरले, मागच्या ट्रंका स्वतःच्या हातांनी सरकवल्या, आणि पत्नीशेजारी अंग चोरून बसले. दार लावले. आतून म्हणाले, "मास्तर, सकाळी साडेसहाला घरी या. पुरं करून द्या. आनि लाकूड का पत्रा, ते गावाला सांगायची गरज नाय."

"मी आपणहून सांगणार नाही," मी म्हणालो, आणि या वेळी त्या अटीबद्दल मला कसलाही किंतु वाटला नाही. आज शेठ हयात नाहीत, गाडीही विकली गेली, म्हणूनच हे लिहिले.

तानाजी अजून उभाच होता. "शेठ, चावी..." एवढेच तो बोलू शकला.

"घरापर्यंत कोन चालवनार, मी?" शेठ म्हणाले. "बस. घरी गेल्यावर चावी दे."

गाडी निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत मी लिंबाखाली उभा होतो. चावी घेतली, तर ती परत देतील की नाही, हे त्या आवाजावरून मला सांगता आले नसते. त्या रात्री अक्काने मला चार वेळा विचारले आणि मी चारही वेळा तिला तेच सांगितले, की माहीत नाही.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी कल्याणला त्यांच्या घरी पोहोचलो. बोट टेकवून पाहिले. व्हार्निश वाळले होते. बारीक चूर्ण लावलेल्या ओल्या लोकरीने घासून चौदा कण उतरवले, तेल फिरवले. तानाजी अंगणात बसला होता. गाडीजवळ यायची त्याला परवानगी नव्हती. शेठ बाहेर आले, खण उघडला, पानाचा डबा आत ठेवला, झाकण लावले. बोटाने वाजवले नाही. मग अंगणाकडे वळून निकाल सांगितला. न विचारता गाडी नेली आणि बायजाला खोटे सांगितले, म्हणून तानाजीने सात दिवस चावीला हात लावायचा नाही. खोली राहील.

आठव्या दिवशी त्याला चावी मिळाली. त्यानंतर त्याने ती गाडी आठ वर्षे चार महिने चालवली.